दात काढू नका, असं मीच छापलं होतं

आमच्या घरी गोष्टींची पुस्तकं फारशी आली नाहीत. पत्रकं मात्र यायची. वडील अलिबागच्या एका छापखान्यात कामाला होते आणि रेवदंड्यात कुठलीही सभा ठरली, की तिचं पत्रक आमच्याच स्वयंपाकघरात लिहिलं जायचं. आई भाकऱ्या थापता थापता कच्चा मजकूर ऐकायची आणि जिथे तिला कंटाळा यायचा तिथे वडील काट मारायचे. मी वाचायला शिकले ती उरलेल्या गठ्ठ्यांवर. जागे व्हा, जाब विचारा, सही करा. माणसं एकमेकांशी अशी बोलत नाहीत हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तोवर सवय लागून गेली होती. अजूनही चीड आणणारं काही दिसलं की माझ्या डोक्यात आधी मथळा तयार होतो, विचार मागून येतो.

दोन-तीन वर्षांपूर्वी अशीच चीड आली ती एका दातावरून.

आमच्या मागच्या आळीत सुकी मासळी करणारी, फाटकी जाळी शिवून देणारी एक मावशी राहते. नात्यातली नाही, पण आई गेली त्या वर्षी आमची चूल तिनेच सांभाळली. साठीच्या पुढची, अंगात साखर, आणि मशेरीची जुनी सवय. मशेरी म्हणजे तव्यावर काळी भाजून कुटलेली तंबाखू. इकडच्या बायका तिने दात घासतात आणि घासून झालं तरी बोट तोंडातून निघत नाही. मावशीचा वरचा सुळा ठणकायला लागला तेव्हा तिचा मुलगा बोटीवर होता, म्हणून मी तिला अलिबागला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. दवाखाना नवा होता, काचेच्या दाराचा, शनिवार-रविवारी येणाऱ्या बंगलेवाल्यांसाठी काढल्यासारखा. मावशीने चपला बाहेर काढल्या. दुसऱ्या कोणी काढल्या नव्हत्या. डॉक्टर फोनवर बोलत बोलत तिच्या तोंडात बघत होता. "मशेरी लावता ना? मग काय," असं म्हणून तो मदतनीस मुलीकडे बघून हसला.

त्याने रूट कॅनल सुरू केलं. दातातली नस काढली, वर तात्पुरतं सिमेंट भरलं. पुढच्या आठवड्यात या, अजून दोन-तीनदा यावं लागेल, मग टोपी बसवू, असं सांगितलं. सांगितलं मला. मावशी तिथेच खुर्चीत होती.

परतीच्या रिक्षात मी धुमसत होते.

"दुखतंय का गं?" मी विचारलं.

"न्हाय गो. आता कायच न्हाय."

"मग परत यायची गरज नाही. हसतो म्हणजे काय आपल्याला?"

"तू म्हनशील तसा, बाय," ती म्हणाली.

नस काढलेला दात दुखत नाही, कारण दुखणं कळवायला आत काही उरलेलंच नसतं. मोकळ्या मुळात पू साचत राहतो आणि हाडाकडे सरकतो, तोवर माणूस म्हणतो, बरं वाटतंय. हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी मला फक्त एवढंच माहीत होतं, की तो माणूस हसला.

आठ दिवसांत मी पत्रक लिहिलं. चार पानी. 'दात आपला, औषध आपलं.' त्यासाठी चौल, रेवदंड्याच्या बायकांना विचारत फिरले आणि त्यांनी मला भरभरून दिलं. ठणक्याला लवंग चावून दाताखाली धरायची. हिरडी सुजली तर पेरूचा कोवळा पाला उकळून चुळा. हलणाऱ्या दाताला तव्यावर फुलवलेली तुरटी आणि डाळिंबाच्या सालीची पूड, वरून दाबून. सुपारी जाळून तिची राख. मिठाचं कोमट पाणी, हळद, खोबरेल. चौलच्या वाडीतल्या एका म्हातारीने तर अक्कलकऱ्याचं मूळ स्वतः चावून दाखवलं. जीभ बधिर झाल्यावर ती बोबडी बोलायला लागली आणि आम्ही दोघी हसलो. शेवटी मोठ्या ठशात मी लिहिलं: दात काढू नका. दात वाचवा.

वडिलांनी मजकूर दोनदा वाचला. डोरलीच्या बिया निखाऱ्यावर टाकून धूर तोंडात घेतला की दाताचा किडा पडतो, असं इकडे मानतात. तेही मी लिहिलं होतं. ते त्यांनी खोडलं. "किडाबिडा काही नसतो. उगाच छापू नकोस." मी मानलं. मग ते म्हणाले, "शेवटी एक ओळ घाल. सूज आली, ताप आला, पू आला, तर डॉक्टरला दाखवा पण."

"त्याने जोर जातो, बाबा."

"जाऊ दे की थोडा."

"तुम्हीच म्हणायचात, पत्रकात 'पण' आला की वाचणारा घरी जातो."

त्यांनी चष्मा काढून ठेवला. ती ओळ मी घातलीच नाही.

पत्रक चाललं. माझ्या कुठल्याच पत्रकाचं त्याआधी असं झालं नव्हतं. वाळवणाच्या मैदानावर, बोंबलांच्या दांड्यांखाली बसून मी ते बायकांना वाचून दाखवलं. पुन्हा वाच म्हणाल्या, पुन्हा वाचलं. घरोघर दाराच्या आतल्या अंगाला भाताची शितं लावून त्यांनी ते चिकटवलं, हळदीच्या बोटांसकट. मावशीला वाचता येत नाही. तिने माझ्याकडून ते इतक्या वेळा ऐकलं की मधेच मी चुकले तर ती सुधारायची.

वर्षभराने माझी खालची दाढ दुखायला लागली.

अकरा दिवस मी माझं पत्रक पाळलं. लवंगेने गाल आतून सोलला. पेरूच्या पाल्याने तोंड तुरट झालं आणि अर्धा तास बरं वाटलं, मग ठणका पुन्हा कानात शिरला. बाराव्या दिवशी सकाळी एस.टी. पकडून मी पनवेलला गेले. अलिबागला नाही, कारण अलिबागला आमच्या गावचं माणूस दर चौकात भेटतं. पनवेलला चार खेपा केल्या. घरी सांगितलं, ग्रंथालयाचं काम आहे. दाढ वाचली. तिच्यावर स्टीलची टोपी बसली, चकचकीत, हसलं की दिसणारी. मी हसणं आवरायला शिकले. ओठ मिटून हसायचं, हात तोंडापुढे न्यायचा, जोरात बोलायचं असेल तर मान जरा डावीकडे वळवायची. फोटोत मी गंभीर दिसायला लागले. सभा-पत्रकं करणाऱ्या आमच्या चळवळीतल्या लोकांना ते आवडलं.

एकदा वाळवणावर एकीने विचारलं, "तुजी दाढ दुकत व्हती ना? राह्यली?"

"राहिली," मी म्हणाले. "लवंगेने."

आणि कडी लागली. त्या एका शब्दानंतर मला परत फिरता येईना. रोज वाटायचं, आज सांगू. रोज कोणीतरी येऊन माझ्या पत्रकाने गुण आल्याचं सांगायचं, आणि खरंच एखादीला आलेला असायचा. मिठाच्या पाण्याने हिरडी निवते, लवंगेने कळ मरते, ते काही खोटं नव्हतं. पण त्यांची कळ मरत होती आणि माझी दाढ बरी झाली होती, हा फरक गावात फक्त मला माहीत होता.

मग गेल्या माघात मावशीची सून आमच्या दारात आली. हात अजून खारट, पदर खोचलेला.

"ताई, जरा चला. आईंचं तोंड बघा."

"काय झालं?"

"चार दिस झाले सुजलंय. रातभर ताप हाय. डागदर म्हनलं का अंगावर येतात. म्हनतात, त्या पोरीला इचार. तुमचंच ऐकतात त्या."

मावशी परसात बसली होती, गुडघ्यात डोकं घालून. निखाऱ्यावर डोरलीच्या बिया तडतडत होत्या. त्यावर भोक पाडलेली करवंटी, आणि भोकातून येणारा धूर ती नळीने तोंडात घेत होती. तिने मान वर केली. सूज सुळ्यापासून नाकाच्या बाजूने वर चढली होती. कातडी ताणून चमकत होती. डावा डोळा पार मिटला होता.

"ये. बस," ती म्हणाली. ओठ नीट हलत नव्हता. "धुरीचा तू लिवला न्हायस, पन ती बी चालू हाय. तुजा समदा झाला करून."

"मावशी, तुझा डोळा मिटलाय."

"धुराना."

"धुराने एकच डोळा मिटतो होय?"

"मंग दात काढून दोनी मिटवू?" ती म्हणाली. "वरचा दात काढला का नजर जाते. माज्या सासूची गेली. मना जाल्याचं भोक दिसला न्हाय तर मी खायाचा काय?"

सासूची नजर म्हातारपणाने गेली होती. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू होते, हे आळीत सगळ्यांना माहीत होतं. मी तसं म्हणाले. मी बरंच काही म्हणाले. पू वर चढतोय, साखर आहे, ताप आहे, आत्ता जायला हवं. ती ऐकत होती, पण तिचा उघडा डोळा माझ्या खांद्यावरून मागे लागला होता. मागे दाराला माझं पत्रक होतं.

"तिते काय लिवलाय, वाच," ती म्हणाली.

मी वाचलं नाही.

"दात काढू नका," तीच म्हणाली. "दात वाचवा. ठशात हाय ना? तू छापलंस. आता बोलतंस येगला. कोनाचा खरा मानू, तुजा का तुज्या कागदाचा?"

मैदानावरून दोघी-तिघी आल्या होत्या. एक म्हणाली, "ताप उतरंल सांजच्याला. हिची दाढ न्हाय का राह्यली लवंगेनं." आणि तिने मला दाखवून मान हलवली.

मी घरी आले. पळून आले म्हटलं तरी चालेल. वडील ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होते. मी त्यांना मावशीचं सांगितलं, स्वतःचं नाही.

"शुद्धिपत्र काढायला लागेल," ते म्हणाले. छापखान्यातल्या माणसाला चुकीवर तोच उपाय सुचतो.

"बाबा, तेवढा वेळ नाही. डोळ्यापर्यंत गेलीय सूज."

"मग तोंडी सांग."

"तोंडी ऐकत नाही ती. छापलेलं ऐकते."

त्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. "पनवेलच्या ग्रंथालयाचं सांगितलंस तिला?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "एका घरात राहतो आपण. जेवताना एका बाजूने चावतेस वर्षभर. मला वाटलं, सांगशील."

माझी चीड आधी त्यांच्यावरच गेली. माहीत होतं तर बोलले का नाहीत? पण ते बोलले असते तर मी काय केलं असतं, तेही मला ठाऊक होतं. मुद्दे मांडले असते. माझ्याकडे नेहमी मुद्दे असतात. मावशीच्या परसापर्यंत चालत जाताना मी तीन वेगवेगळी भाषणं तयार केली, आणि मावशीसमोर उभी राहिले तेव्हा त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही. बायका अजून तिथेच होत्या. सून तिच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होती.

मी मावशीपुढे उकिडवी बसले आणि तोंड उघडलं. बोटाने गाल बाजूला ओढला.

उन्हात टोपी चकाकली असणार. कारण मावशी एकदम पुढे झुकली. मग तिने तिचं बोट, मासळीचं आणि मशेरीचं, माझ्या तोंडात घातलं आणि दाढेवर नखाने टिचकी मारली. टक्. मागे कोणीतरी म्हणालं, "अगो बाय."

"कवा बसवलंस?" मावशीने विचारलं.

"गेल्या वर्षी. पनवेलला."

"म्हंजे आमी लवंगा चावीत व्हतो तवा."

"हो."

"आनि समद्यांना बोललीस, लवंगेनं राह्यली."

"खोटं बोलले. अकरा दिवस सगळं करून बघितलं मी. काहीच झालं नाही. मग डॉक्टरकडे गेले." गाल ओढून धरल्याने लाळ हनुवटीवर आली होती. "तुला परत जाऊ नको म्हणून मीच सांगितलं होतं मावशी. त्या अलिबागच्या डॉक्टरचं काम अर्धं राहिलं होतं."

सगळ्यांच्या घरात माझं पत्रक होतं. एकीने आपल्या खालच्या दाताला जीभ लावून तो हलवून बघितला, मला ते दिसलं. मला वाटत होतं मावशी रडेल, किंवा शिव्या देईल. शिव्या मला चालल्या असत्या.

ती भिंतीला धरून उठली. सुनेला म्हणाली, "रिक्शा बोलव." मग माझ्याकडे न बघता, "तू बी चल. माजा डोला गेला तर तुजा काढून घेन मी. तितेच, डागदरसमोर."

अलिबागपर्यंतचा तो रस्ता मी कितीदा केला असेन. त्या दिवशी प्रत्येक गतिरोधकाला मावशी माझं मनगट आवळायची. बोलली एकदाच, नागावच्या जवळ. म्हणाली, "तो हसला म्हनून तू मना जाऊ दिला न्हाय. हसला तर मना हसला. तुला काय झाला?"

यावेळी आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. दातांची डॉक्टर माझ्याच वयाची होती. तिने मावशीलाच विचारलं, "आजी, काय काय लावत होतात?" आणि मावशीने माझं पत्रक म्हणून दाखवलं. पहिल्यापासून. मथळ्यासकट. लवंग, पेरूचा पाला, फुलवलेली तुरटी, त्याच क्रमाने, माझ्याच वाक्यांत, सुजलेल्या ओठातून. दात काढू नका, दात वाचवा, इथे येऊन ती थांबली.

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?" डॉक्टरने विचारलं.

मावशी गप्प राहिली. मला वाचवायला की शिक्षा करायला, ते मला कळलं नाही.

"मी," मी म्हणाले. "मी छापलं."

डॉक्टरने मान वर केली. मी वाट बघत होते. ती म्हणाली, "जरा बाजूला व्हा, लाइट अडतोय."

दात काढल्याने डोळा जात नाही, हा पू असाच वर गेला तर जाईल, आणि नुसता डोळाच नाही, असं तिने मावशीला सावकाश सांगितलं. दोनदा. मावशीने विचारलं, "सूई दुकंल?" डॉक्टर म्हणाली, "दुखेल थोडी." मग मावशीने तोंड उघडलं. मी बाहेर बाकावर बसले. आतून एकदाच आवाज आला, मोठा, आणि मी कानावर हात ठेवले. सुळा निघाला, पू निघाला, साखर वाढलेली म्हणून चार दिवस तिला ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी डोळा उघडला. खालचे दोन दात हलत होते, ते डॉक्टरने इतक्यात काढले नाहीत. मशेरी सोडा, साखर उतरू द्या, मग बघू, म्हणाली.

ती घरी आल्यावर मी नवं पत्रक लिहिलं. एक पानी. कशाने कळ कमी होते आणि कशाने काहीही बरं होत नाही, ते दोन्ही त्यात घातलं. वडिलांची ती ओळ सगळ्यात वर, ठशात. मग बादली आणि फडकं घेऊन मी घरोघर जुनं काढायला निघाले. शितांनी चिकटवलेला कागद सुटत नाही. भिजवून नखाने खरवडावा लागतो. बायका बाजूला उभ्या राहून बघायच्या. एक म्हणाली, "अर्धाच काढ. तुरटीचा ऱ्हाऊ दे, मना लागू पडतो." दुसरीने दार उघडलं नाही. आणखी एकीने नवं पत्रक हातात घेतलं आणि विचारलं, "ह्यात तरी तुजी दाढ खरी हाय ना?"

मावशीचं घर मी शेवटी ठेवलं होतं. ती खाटेवर बसून बोंबील निवडत होती. मी बादली ठेवली, फडकं पिळलं.

"ऱ्हाऊ दे तो," ती म्हणाली.

"मावशी, चुकीचा आहे तो कागद."

"मना म्हाईत हाय. मी कुटं वाचतंय? तू वाचतंस. येशील-जाशील तवा दिसंल."

मी फडकं बादलीत टाकलं. तिने मला समोर बसवलं, तोंड दाराकडे करून. सुनेने चहा आणला. मावशी म्हणाली, "नवा काय आनलायस, वाच."

मी वाचायला लागले. पहिल्याच ओळीला तिने हात वर केला. सूज आली, ताप आला, पू आला तर थांबू नका, डॉक्टरला दाखवा, अशी ती ओळ होती.

"हा आदी का न्हवता?"

"मी घातला नव्हता."

"का?"

"जोर जातो म्हणून."

तिची जीभ सुळ्याच्या रिकाम्या जागी जात-येत होती, गालावरून दिसत होतं. एक बोंबील तिने उलटा करून बघितला आणि बाजूला टाकला.

"फिरून वाच," ती म्हणाली. "हल्लू. मना पाठ करायचा हाय."

मी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.